पाट्यावरचा उजेड, माळावरचं कुसळ

मागच्या अंकात फोटोग्राफीबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच होता: ‘आमच्याकडे फोटो काढण्यासारखं काही नाही हो.’ हे वाक्य मला फार लागतं. पंढरपुरात वडिलांच्या स्टुडिओत, विठ्ठलाचा रंगवलेला पडदा मागे लावून वारकऱ्यांचे फोटो काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पडदा सगळ्यांना एकच असायचा. तरी दर वेळी मला बघायला नवं काही मिळालं, आणि ते प्रत्येक वेळी उजेडामुळे मिळालं. म्हणून या वेळी त्याच पत्रांना आधी घेते.

आमचं गाव दहिवडीजवळ आहे. ना समुद्र, ना धबधबा, ना गर्द झाडी. नुसतं माळरान, बाभळी आणि दगड. चांगला फोटो यावा म्हणून खूप फिरतो, पण सगळं रुक्षच दिसतं. सोबत तीन फोटो पाठवले आहेत. इथे काय काढावं?
*वाचक, माण तालुका*

तुमची माण नदी पुढे आमच्या तालुक्यात येऊन भीमेला मिळते, तेव्हा हा माळ मला परका नाही.

तुमच्या तिन्ही फोटोंत बाभळीची सावली बुंध्याशी गोळा झाली आहे. म्हणजे फोटो भर दुपारचे आहेत. वरून सरळ ऊन पडलं की ढेकळं, पायवाटेची खोली, ओढ्याचा उतार सगळं एका पातळीत येतं आणि माळ सपाट दिसतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर माध्यान्ही सूर्य तुमच्या बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या खांबाचीही सावली दिसेनाशी होते. अशा उजेडात कुणालाही रुक्षच दिसणार. त्यात माळाचा काय दोष?

आपल्याकडे सूर्य तिरका रेंगाळत वर येत नाही, जवळजवळ सरळ चढतो. क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला २५ मिनिटं पुरतात. आडवं, पिवळं ऊन मिळतं ते साधारण तेवढाच वेळ, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच. म्हणून फिरायचं ते आदल्या दिवशी, जागा हेरायला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या जागेवर जाऊन उभं राहायचं आणि ऊन असेपर्यंत तिथून हलायचं नाही.

दिवाळीनंतर कुसळी गवत वाळलं की हे करून बघा. सूर्याकडे पाठ केलीत तर समोर नुसतं वाळकं रान दिसेल. आता वळा, सूर्याकडे तोंड करा, उकिडवे बसा आणि सूर्य एखाद्या बाभळीच्या खोडाआड दडवा. प्रत्येक कुसळाच्या शेपटीला उजेडाची कड येते आणि सगळा माळ पेटल्यासारखा दिसतो. मागे सावलीतला डोंगर किंवा ओढ्याची काळी दरड असेल तर ही कड जास्त उठते. त्यात मेंढरं परतायची वेळ असेल तर त्यांच्या पायांचा धुरळाही उजळतो. धुरळा तुमच्या आणि सूर्याच्या मधे यायला हवा, एवढं सांभाळा.

आभाळात ढग नसेल तर त्याला चौकटीत वर पट्टीएवढीच जागा द्या. उघडं निळं आभाळ अर्ध्या फोटोत घालून काही साधत नाही. उलट वळवाच्या आधी ढग दाटून येतात तेव्हा जमिनीला पट्टी आणि बाकी सगळं आभाळ.

आणि एक बाभूळ धरून ठेवा. एकच. पावसाळ्यात तिला पिवळी गोल फुलं येतात, पुढे पांढुरक्या, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा लोंबतात, उन्हाळ्यात काटेच काटे उरतात. तिच्याखाली कोण बसतं, शेळ्या कुठवर पाला ओरबाडतात, बांधावर तिची सावली कोणत्या महिन्यात कुठे पोचते, हे तुम्हाला तिथे राहून कळणार. बाहेरून मोटार घेऊन आलेल्या फोटोग्राफरला ते कधीच मिळणार नाही.

वय ६१. सासूबाईंचा पाटा-वरवंटा, पितळी डबे, विळी यांचे मोबाइलवर फोटो काढते. घरचे म्हणतात, भांड्यांचे कसले फोटो, एखादं देऊळ तरी काढ. शिवाय पाटा फोटोत राखाडी आणि सपाट येतो. काय करू?
*वाचक, सोलापूर*

ताई, घरच्यांना पहिल्यांदा हे सांगा. कागदी निगेटिव्हवरून फोटो काढायची रीत शोधणाऱ्या हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ साली फोटोंचं एक पुस्तक काढायला घेतलं. इतकी नवी विद्या हातात असताना त्यांनी त्यात एक उघडं दार आणि दाराला टेकवलेला खराटा यांचा फोटो घातला. दाराशेजारी कंदील टांगलेला, घोड्याचा लगाम लटकवलेला, बस्स. सोबत त्यांनी लिहिलं की सामान्य माणसाला जिथे विशेष काही दिसत नाही, तिथे चित्रकाराची नजर थबकते. म्हणजे खराट्याचा फोटो जवळजवळ फोटोग्राफीइतकाच जुना आहे. पुढे १९३० साली अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवून तिचा फोटो काढला. नरसाळ्याच्या आतल्या पत्र्यावरून उजेड परतून मिरचीच्या वळणांवर पसरला. तो फोटो आज जगभर ओळखला जातो. आणि प्रागचे जोसेफ सुदेक, ज्यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला, ते १९४० पासून कितीतरी वर्षं आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे आणि खिडकीत ठेवलेल्या पेल्या-अंड्यांचे फोटो काढत होते. बाहेर युद्ध चालू होतं आणि हा माणूस काचेवरचं दव बघत होता. माझ्या लेखी एखाद्या देवळाच्या फोटोपेक्षा ते काम तसूभरही कमी नाही.

आता पाटा. तुम्ही पाठवलेला फोटो वरून, ट्यूबलाइटमध्ये काढला आहे. ट्यूब बंद करा. एक खिडकी किंवा एकच दार उघडं ठेवा, बाकीची लावून घ्या. पाटा हलवता येत नसेल तर नका हलवू. उजेड बाजूने, पाट्याला घासून जाईल अशी वेळ दिवसातून एकदा तरी येतेच, तिच्यावर नजर ठेवा. त्या वेळी खाली बसून, डोळा पाट्याच्या पातळीला आणून बघा. टाकीच्या प्रत्येक घावाची एक बाजू उजळलेली आणि एक काळी दिसेल. कडेचे घाव अजून धारदार असतील, मधे मात्र वाटून वाटून दगड गुळगुळीत झाला असेल, थोडा खोलगटही. कडेपासून मधापर्यंतचा हा उतार तुमच्या सासूबाईंच्या हातांनी पडला आहे. फोटो त्याचाच काढायचा. अख्खा पाटा मावला नाही तरी चालेल, वरवंट्याचं एक टोक चौकटीत डोकावलं तरी पुरे. दगडात पांढरे ठिपके असतील तर तेही येऊ द्या. आपल्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले ते स्फटिक असतात.

राखाडी का येतो? समोर दगड आहे की दूध, हे कॅमेऱ्याला कळत नाही. समोरचं सगळं सरासरीने मध्यम राखाडी असावं, असं धरून त्याचा हिशोब चालतो. चौकटभर काळा पाषाण आला की तो त्याला उजळून राखाडी करतो. मोबाइलवर पाट्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याची खूण येईल, ती खाली ओढा. दगड काळा दिसेपर्यंत ओढा. मग ओला हात पाट्यावरून फिरवून आणखी एक काढा. ओल्या दगडाचा काळा आणखी गहिरा येतो आणि घावांच्या कडा चमकतात.

पितळी डब्यांवर खिडकीचा पांढरा डाग येतो अशी तुमची तक्रार आहे. खिडकीवर जुनं धुवट धोतर किंवा पांढरी सुती साडी लावा, डाग पसरून मऊ होईल. आणि फोटोसाठी डबे चिंचेने लखलखीत घासू नका. रोज हात लागून उजळलेला भाग आणि न लागून काळवंडलेला भाग, दोन्ही राहू द्या.

मी रत्नागिरीत कॉलेजला आहे. मैत्रिणींबरोबर कास पठारावर गेले. फोटो छान आले, पण सगळ्यांचे सारखेच. पावसात आमच्याकडे आभाळ नुसतं पांढरं असतं, मग इथे काही काढावंसंच वाटत नाही.
*विद्यार्थिनी, रत्नागिरी*

कास सुंदरच आहे. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारशात गेल्या, त्यांत ते आहे. पण ठरलेल्या वाटेवरून, ठरलेल्या वेळात, सगळ्यांनी एकाच उंचीवरून मोबाइल धरला तर फोटो सारखेच येणार. तुझा मुक्काम सड्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांच्या मुलखात आहे. घरापासून जवळचा सडा कोणता, ते बघ.

पांढऱ्या आभाळावर वैतागू नकोस, त्याला चौकटीत घेऊच नकोस. ढगाळ उजेडात कडक सावल्या नसतात, म्हणून रंग आपापल्या जागी खरे दिसतात. ओला जांभा लाल-तपकिरी होतो, शेवाळ त्यावर अक्षरशः पेटतं. मोबाइल जमिनीपासून वीतभर उंचीवर आण. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावरच्या उथळ पाण्यात सीतेची आसवं फुलतात. एवढंसं जांभळं-निळं फूल, आणि त्याच्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. जवळच दवबिंदू नावाची वनस्पती सापडली तर तिच्या चिकट थेंबांचा फोटो मागून उजेड घेऊन काढ. पाय ठेवायचा तो उघड्या कातळावरच. एका बुटाखाली फुलांचा अख्खा ताटवा जातो.

पण तुझ्या जिल्ह्यातली, माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे: कातळशिल्पं. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणी जांभ्यात कोरलेले हत्ती, मासे, माणसं आहेत. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा की जवळ उभं राहिल्यावर तो हत्ती आहे हे कळतही नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं आणि गुरं या चित्रांवरून चालत गेली. आता संरक्षण आलं आहे, कुंपणं आली आहेत. भर दुपारी तिथे गेलीस तर नुसत्या पुसट रेघा दिसतील. ऊन तिरपं असताना प्रत्येक खाचेत सावली भरते आणि आकार उठून येतो. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर खाचांत पाणी साचतं आणि तुला नको असलेलं ते पांढरं आभाळ त्या पाण्यात उतरून रेघ होतं. तिथे ते हवंच. मात्र रेघ दिसावी म्हणून खडू फिरवू नकोस, कुणी फिरवत असेल तर थांबव, आणि कोरीव भागावर पाऊल टाकू नकोस.

निवृत्तीचे पैसे मिळालेत. दीड लाखाचा कॅमेरा घ्यावा का?
*वाचक, नाशिक*

वर्षभर थांबा. हातातल्या मोबाइलची काच रोज सुती कापडाने पुसा. निम्मा धुरकटपणा तिथेच जातो. वर्षाखेरीस ‘मला पक्षी जवळ आणता येत नाहीत’ किंवा ‘मोठ्या प्रिंटमध्ये बारकावे विरतात’ अशी नेमकी अडचण सांगता आली, तर तेवढ्या अडचणीपुरती वस्तू घ्या. उरलेल्या पैशांत एसटीचे पास निघतील, तेही कामाचे आहेत.

कोजागरीला गच्चीवरून चंद्राचा फोटो काढला. प्रत्यक्षात एवढा मोठा चंद्र, फोटोत नुसता पांढरा ठिपका. असं का? आणि नंतर मोबाइलवर आभाळ गडद केलं, तर ती फसवणूक होते का?
*वाचक, अकोला*

चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश जागा व्यापतो. मोबाइलच्या नेहमीच्या भिंगात आडवं सुमारे ७० अंशांचं दृश्य मावतं. म्हणजे फोटोच्या रुंदीत चंद्राच्या वाट्याला जेमतेम एकशेचाळिसावा भाग येतो. आपलं मन त्याला मोठं करून बघतं, भिंग करत नाही. पांढरा फटक होतो त्याचं कारण असं की चंद्रावर भर दिवसाचं ऊन पडलेलं असतं. कॅमेरा काळ्या रात्रीला उजळायला जातो आणि त्यात चंद्र करपतो.

म्हणून पौर्णिमेची रात्र सोडा, चतुर्दशीची संध्याकाळ धरा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या थोडा आधी उगवतो. जमिनीवर अजून उजेड असतो, चंद्रही उजळ असतो, दोघांचा मेळ बसतो. पंचांगात वेळ बघा, दूर जाऊन उभे राहा आणि पाण्याची टाकी, कौलारू छप्पर, ताडाचं झाड असं काहीतरी, दूरचं जवळ आणणाऱ्या भिंगातून, चंद्राच्या रांगेत आणा. लांबचं छप्पर लहान होतं, चंद्र आहे तेवढाच राहतो, म्हणून तो छपरावर मोठा वाटतो.

अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स यांचा हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो याच वेळेचा आहे. १९४१, न्यू मेक्सिको. चंद्र पूर्ण गोल नाही, पौर्णिमेला अवकाश आहे. खाली छोटंसं गाव, एक चर्च, आणि कबरस्तानातल्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. हे दिसताच त्यांनी गाडी थांबवली. उजेडमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती, तिच्यावरून हिशोब केला आणि एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. फोटोत गावाला किती थोडी जागा आहे बघा. आणि तरी तो गावाचा फोटो आहे.

आता फसवणूक. याच फोटोचे प्रिंट काढताना अॅडम्स यांनी पुढे पुढे आभाळ जास्त जास्त काळं केलं. आमच्या डार्करूममध्येही एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राखाली, हात आडवा धरून चेहरा उजळ ठेवणं, मागच्या पडद्याला जास्त वेळ उजेड देऊन तो गडद करणं रोजचंच होतं. जे समोर होतं त्याचं वजन कमी-जास्त करायला माझी हरकत नाही. नसलेला चंद्र चिकटवायला आहे. दुसऱ्याच कुठल्या तरी रात्रीचा मोठा चंद्र आणून आपल्या गच्चीवर डकवलेले फोटो मला वर्षभर येत असतात, मी ते छापायला देत नाही.

स्टॉकहोमला येऊन दोन वर्षं झाली. हिवाळ्यात तीनच्या सुमारास अंधार. घराबाहेर बर्फ आणि पार्किंग. गावाकडच्या उन्हाची आठवण येते, इथे कॅमेरा बाहेर काढवत नाही.
*वाचक, स्वीडन*

तुम्हाला गावाकडचं ऊन आठवतं, आणि मला तुमच्या उन्हाचा हेवा वाटतो. डिसेंबरात तुमचा सूर्य भर दुपारीसुद्धा जेमतेम सात अंशांवर असतो. माणच्या वाचकाला मी वर जी पंचवीस मिनिटं सांगितली, ती तुम्हाला, आभाळ मोकळं असेल त्या दिवशी, उजाडल्यापासून मावळेपर्यंत मिळतात. पार्किंगमधल्या सायकलची सावली दहा-दहा हात लांब पडत असेल. गाडीच्या काचेवरची बर्फाची नक्षी आतून, उजेडाकडे तोंड करून बघा. बर्फ फोटोत मळका येईल. सोलापूरच्या ताईंचा पाटा ज्या कारणाने राखाडी होतो, त्याच कारणाने. तुम्ही सूर्याची खूण वर ओढा. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन बसते. आणि रस्त्यावरचे दिवे लागल्यावर, आभाळ अजून निळं असताना, खिडक्यांचे फोटो काढा. ती निळी वेळही तुमच्याकडे लांब चालते. आमच्याकडे दिवे लागेपर्यंत ती गेलेली असते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पाचवी ते सातवीच्या मुलांना फोटो काढायला शिकवायचं आहे. शाळेत एकच स्मार्टफोन, तोही माझा. सुरुवात कशी करू?
*शिक्षक, जव्हार तालुका*

सर, सुरुवात फोनशिवाय करा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात सहा बाय चार सेंटिमीटरची खिडकी कापा, प्रत्येक मुलाला एक. एक डोळा मिटून त्यातून बघायचं. पुठ्ठा डोळ्याजवळ आणला की जास्त मावतं, लांब धरला की कमी. भिंगाचं सगळं शास्त्र यात येतं. शाळेच्या आवारातच सोडा: हातपंपाचा दांडा, विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा, दाराची कडी, फळ्याचा उखडलेला कोपरा, चुलीवरचं काळं पातेलं. एका मुलाने एकच वस्तू निवडायची आणि आठवडाभर रोज वेगवेगळ्या वेळी तिला पुठ्ठ्यातून बघायचं. कधी छान दिसते ते वहीत लिहायचं. फोन हातात द्यायचा तो त्या वेळेला, आणि फोटो एकच काढू द्यायचा.

वारली घरांतली मुलं असतील तर गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रं ती जन्मापासून बघत आली आहेत. रिकामी जागा किती सोडायची, हे त्यांना तुम्ही-मी शिकवायला नको. त्या भिंतीसमोर उभं करून त्यांनाच विचारा, ते तुम्हाला सांगतील.

फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका. पोस्टकार्डाच्या मापाचे प्रिंट काढून वर्गात मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. खर्च फार होत नाही. या सदरासाठी पाठवलेत तर फक्त वस्तूंचे पाठवा, मुलांचे चेहरे नकोत. प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने वस्तू कोणती, किती वाजता काढला आणि हीच वेळ का निवडली, हे त्या मुलाच्या शब्दांत लिहून घ्या. शुद्धलेखन तपासू नका, तसंच छापायला देईन.